जुलाब थांबत नसतील तर रक्ताचा रिपोर्ट नीट बघा

ताई, कुत्र्याचे जुलाब ३ आठवड्यांच्या पुढे गेलेत, तर नुसतं जंताचं औषध देत बसू नका. रक्ततपासणीत हिमोग्लोबिनसोबत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि बी१२ जीवनसत्त्व बघायला सांगा. सुजलेल्या आतड्यातून प्रथिनं गळतात. अल्ब्युमिन २ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं तर काळजीचं. पोटात पाणी भरू शकतं, रक्ताच्या गुठळ्याही होऊ शकतात. तेव्हा एक दिवसही थांबू नका. बी१२ कमी असेल तर ते भरून काढल्याशिवाय बाकीचे उपचार नीट लागू पडत नाहीत. प्लेटलेट्स कमी दिसल्या तर गोचीड तापाचीही तपासणी कराच, आपल्याकडे तो फार. पथ्याचं खाणं सुरू केलं की पोळीचा तुकडासुद्धा नाही, हे घरातल्या आजी-आजोबांनाही बजावा. आणि आतड्याच्या सुजेसाठी प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) चालू असेल तर ते डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करू नका.