रेषेची लांबी नंतर, आधी रेषेचा रंग पाहा

मागच्या अंकात म्हटलं होतं की हातावरच्या रेषा आणि तब्येत याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर एवढी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही, तीन घेतलीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माझे आबाजी गावात हात पाहायचे, पाराखाली बसून, एक पैसा न घेता. त्यांच्याकडून रेषा शिकले आणि नंतर सगळी नोकरी उपकेंद्रात नर्स म्हणून काढली, त्यामुळे हात मी दोन्ही नजरेनं पाहते.

गडचिरोली जिल्ह्यातून एक आई लिहिते: ताई नमस्कार. पोरगी 21 वर्षांची आहे, सोयरीक जुळत आली, दिवाळीनंतर साक्षगंध करायचं चाललंय. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत एकानं तिचा डावा हात पाहून सांगितलं की आयुष्यरेषा मधातच तुटली, तिशीच्या आत मोठं दुखणं आहे. तवापासून माझ्या जिवाला घोर लागला. तशी ती अधूनमधून बिमार पडते, धानाच्या रोवण्याच्या दिवसात हातपाय लय ठणकतात, कधी डोळे पिवळे दिसतात. दीड वर्षाची होती तेव्हा हातापायाचे पंजे फुगले होते, मंतरून आणलं अन उतरलं. शांती करावी काय? अन पोराकडच्यांना रेषेचं सांगावं की नाही?

उत्तर: माय, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी रेषेचं बोलू म्हणजे मन मोकळं होईल. आयुष्यरेषा म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधून निघून अंगठ्याखालच्या शुक्राच्या उंचवट्याला वळसा घालत मनगटाकडे उतरते ती. ती तुटली तर त्या वयात आजारपण, असं हस्तसामुद्रिकात सांगतात हे खरं. पण त्याच शास्त्राचा नियम आहे की दोन्ही हात पाहिल्याशिवाय बोलू नये, उजव्या हातावर रेषा अखंड असेल तर धोका टळतो म्हणतात, तुटल्या जागी चौकोन असेल किंवा आतून मंगळरेषा सोबत चालत असेल तर ते रक्षण मानतात. आबाजी तर दोन्ही हात धुवायला लावून उजेडात धरायचे आणि कोणाचं मरण कधीच सांगायचे नाहीत. ज्यानं जत्रेच्या गर्दीत एकच हात पाहून तुमच्या पोरीला तिशीची भीती घातली त्यानं त्याच्या विद्येचाच नियम मोडला. आणि हेही ध्यानात घ्या की तळहाताच्या मोठ्या घड्या बाळ आईच्या पोटात तिसऱ्या महिन्याचं असतानाच पडतात, पुढच्या दुखण्याचा हिशेब त्यात मांडलेला असतो असं मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिलं नाही.

आता ज्याच्यासाठी पत्र तीनदा वाचलं ते सांगते. दीड वर्षाची असताना पंजे फुगले, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय पण मला सगळ्यात आधी तेच दिसलं. सिकलसेल असलेल्या लेकरांमध्ये साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या वयात हातापायाचे पंजे असे सुजतात, पुष्कळदा तीच या आजाराची पहिली खूण असते, आठपंधरा दिवसांत सूज आपोआप उतरते आणि घरच्यांना वाटतं मंतरल्यानं उतरली. त्यात पाणकाळ्यात चिखलात उभं राहून सांधे ठणकणं, डोळे पिवळे होणं. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात म्हणून कळा येतात आणि लवकर फुटतात म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. थंडी, अंगमेहनत, ताप, पाणी कमी पिणं, यानं दुखणं उसळतं, आणि रोवण्यात हे सगळं एकदम येतं. पोरीला सिकलसेल आहेच असं मी पत्रावरून म्हणत नाही, पण आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागात हा आजार घरोघर ऐकू येतो, म्हणून तपासणी झालीच पाहिजे, साक्षगंधाच्या आधी.

आज घरीच एक करा. दिवसाच्या उजेडात तिचा तळहात तुमच्या तळहाताशेजारी धरा, बोटं मागं ताणू नका, ताणली की चांगला हातसुद्धा पांढरा दिसतो. मग रेषांच्या आतला रंग पाहा. बाकी तळहात फिका असला तरी घड्यांमध्ये लाली राहते, पण रेषाही पांढऱ्याफटक दिसल्या तर रक्त फारच कमी आहे असं समजायचं, बहुतेक हिमोग्लोबिन 7 च्याही खाली, आणि बाईमाणसाला 12 तरी पाहिजे. मी कितीतरी गरोदर बायांचे हात असे धरलेत, मशीन यायच्या आधी आम्ही हातच पाहायचो. म्हणून म्हणते की रेषा बोलते, पण लांबीनं नाही बोलत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट करतात, ती पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका, त्यात नुसता वाहक आहे (म्हणजे स्वतःला सहसा त्रास नाही, पण दोष लेकरांत उतरू शकतो) की आजार आहे हे कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी करावी लागते. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालंय, आशाताईला विचारा, ती नेईल. आजार निघाला तर फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया अशी औषधं डॉक्टर देतात आणि ती नेमानं घेतली तर कळा पुष्कळ कमी होतात. लोहाच्या गोळ्या मात्र मनानं सुरू करू नका. वावरात जाताना पाण्याची कॅन सोबत, आणि जोराचा ताप, छातीत दुखणं, दम लागणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं असं काही झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना.

शांती करायची तर करा, मनाला बरं वाटतं, पण तपासणीच्या नंतर. आणि पोराकडच्यांना रेषेचं काही सांगू नका, तपासणीचं सांगा आणि पोराचीही तपासणी करायला लावा. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक बाळंतपणात 25 टक्के शक्यता असते की बाळाला आजार होईल, पोरीला आजार आणि पोरगा वाहक असेल तर ती 50 टक्के होते. पण पोराचा रिपोर्ट स्वच्छ असेल तर पोरीला आजार असला तरी लेकरं फक्त वाहक होतील, आजारी नाही. म्हणजे रिपोर्ट पाहून सोयरीक ठरवता येते, रेषा पाहून मोडायचं काही कारण नाही. रिपोर्ट आला की मला नक्की लिहा, मी वाट पाहीन.

भंडाऱ्याहून एक वाचक: माझ्या हातावर आरोग्यरेषाच नाही, काही वाईट आहे का?

उत्तर: उलट चांगलं मानतात. करंगळीखालच्या बुधाच्या उंचवट्याकडे जाणारी ही रेषा हातावर नसणं म्हणजे काटक तब्येत, असं कीरो या नावाजलेल्या हस्तरेषा पाहणाऱ्यानंही म्हटलंय. तुम्ही खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाता असंही लिहिलंय, तो सोडा आणि तोंडात कुठं पांढरा चट्टा दिसतो का ते आरशात पाहा, दिसला तर दाखवून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यातले 58 वर्षांचे शेतकरी: कापूस वेचून आणि फवारणी करून हाताच्या रेषा पुसत चालल्या, राशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. आयुष्य सरत आलं काय?

उत्तर: नाही भाऊ, असं मनात आणू नका. बोटावरच्या बारीक रेषा कामानं घासतात, कातडीचा वरचा थर महिन्याभरात नवा येतो, म्हणून वेचणी संपली की रोज रात्री हात धुऊन खोबरेल तेल चोळा, बऱ्याचदा ठसा परत उमटतो. तोवर राशनवाल्याला दुसरं बोट घ्यायला सांगा. मला काळजी तुमच्या फवारणीची आहे. भेगा पडलेल्या उघड्या हातातून औषध सरळ अंगात उतरतं. 2017 ला तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलं असेल. रबरी हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका, घरी आल्या आल्या कपडे वेगळे काढून साबणानं आंघोळ करा. घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यापुढं अंधारी आली तर लगेच दवाखान्यात जा, आणि जाताना औषधाची बाटली सोबत न्या, डॉक्टरला त्यावरचं नाव वाचता आलं की इलाज लवकर सुरू होतो.