मासिकातला लेख वाचून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकावं का?

तुम्ही विचारलंय की विंडोज १० चे अपडेट बंद झाले, दुकानातला लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, तर संगणक मासिकातला 'अर्ध्या तासात लिनक्स' हा लेख समोर ठेवून ते (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकावं का?

टाका, पण लेखातल्या क्रमाने नको.

२००८ साली भुसावळ स्टेशनच्या बुकस्टॉलवरून मी एक इंग्रजी मासिक घेतलं, कारण सोबतच्या डीव्हीडीत उबुंटू ८.०४, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, होतं. घरी डायल-अप. ७०० एमबी उतरवायचे म्हणजे फोनचं बिल बघून घरच्यांनी हाकलून दिलं असतं. त्या बाबतीत मासिकांचे उपकार मानायलाच हवेत. 'पीसी क्वेस्ट' मासिकाने तर १९९० च्या दशकातच सीडीवर लिनक्स वाटलं होतं.

लेख मात्र चार पानी, आणि चारही पानं इन्स्टॉलेशनची. प्रत्येक खिडकीचं चित्र, 'फॉरवर्ड'वर बाण. मी बाणांमागे गेलो. पार्टिशन (डिस्कचे पाडलेले कप्पे) सरकत असतानाच लाइट गेली (खान्देशातलं तेव्हाचं भारनियमन ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको). त्याच डिस्कवर काकांच्या केळीच्या गाड्यांचा दोन वर्षांचा हिशेब होता. बॅकअप घ्या, हे लेखात होतं. शेवटच्या पानावर, चौकटीत, बारीक अक्षरात. काका एवढंच म्हणाले, "फुकटचं महागात पडलं रे भो."

पुढे कळलं, त्याच डीव्हीडीवर वुबी होतं. पार्टिशनला हात न लावता विंडोजच्या आतच उबुंटू बसवायची सोय, नको झालं तर साध्या प्रोग्रॅमसारखं काढून टाका. लेखात त्यावर एक ओळही नव्हती.

दुसऱ्यांदा नीट बसलं, तर गाणी वाजेनात. एमपी३ वर पेटंट असल्याने त्याचं कोडेक (ती फाइल वाजवणारा छोटा प्रोग्रॅम) सोबत देत नसत. ते इंटरनेटवरून घ्यायचं. इंटरनेट मोडेमवर, आणि मशीनमधला मोडेम फक्त विंडोजलाच ओळखायचा! (पेटंटं २०१७ पर्यंत संपली, ती कटकट आता नाही.) मासिकाचा पुढचा अंक आला, त्यात लिनक्सचा दुसराच अवतार आणि पुन्हा तीच चार पानं.

काकांचा 'फुकट' शब्दही मासिकांचाच. इंग्रजीत 'फ्री'चे दोन अर्थ होतात म्हणून त्यांचा गोंधळ समजू शकतो, पण आपल्याकडे 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन शब्द असताना मराठी सदरंही 'मोफत'च लिहीत राहिली. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू (ज्यातले प्रोग्रॅम आज लिनक्ससोबत येतात तो प्रकल्प) जाहीर केलं ते कोड बघता, बदलता, वाटता यावा म्हणून. हे न सांगता 'विंडोजसारखंच, पण फुकट' म्हटलं की माणूस तिथे विंडोजच शोधत बसतो आणि आठवड्यात वैतागतो.

तेव्हा आधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स मिंट (उबुंटूवर बेतलेला अवतार) चालवा, आठवडाभर इन्स्टॉलला हात लावू नका. वायफाय, आवाज, प्रिंटर बघा. युनिकोड मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डने छान टाइप होतं, पण श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या जुन्या फायली तो फॉन्ट टाकल्याशिवाय वाचता येणार नाहीत. टॅली लिनक्ससाठी निघत नाही. दुकानाचा हिशेब त्यात असेल तर तेवढ्यापुरती दुसरी सोय आधी करा. मग सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या, त्या उघडतात का ते दुसऱ्या मशीनवर बघा, आणि मगच पार्टिशन. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही टिकत नसेल, तर इन्व्हर्टर असलेल्या मित्राच्या घरी जाऊन करा.