आल्प्समधल्या गावात लढाऊ विमानतळ असेल तर गावकरी तिथे राहतात कसे?

स्वित्झर्लंडमधलं मायरिंगेन बघा. आरे नदीच्या सपाट खोऱ्यात धावपट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना गवताची कुरणं आणि शेतकऱ्यांची घरं. एफ/ए-18 विमानं ठेवलेली असतात थेट डोंगराच्या पोटात, खडक फोडून केलेल्या बोगद्यांत. तिथून धावपट्टीकडे जाताना ती सार्वजनिक रस्ता ओलांडतात. तेवढ्यापुरतं फाटक पडतं, सायकलवाले, ट्रॅक्टरवाले थांबतात, विमान गेलं की आपापल्या वाटेला लागतात.

खरा त्रास आवाजाचा. दरी अरुंद, दोन्हीकडे कडे, त्यामुळे आवाज घुमत राहतो. उपाय म्हणजे वेळापत्रक: सरावाची उड्डाणं सहसा कामाच्या दिवसांत, दुपारच्या जेवणाला खंड. दुसरीकडे तळामुळे स्थानिकांना नोकऱ्याही मिळतात, म्हणून विरोध सरसकट नाही. पर्यटन भागात लढाऊ विमानांच्या सरावाला बंदी घालावी, यावर 2008 मध्ये देशभर सार्वमत झालं. सुमारे 68 टक्के लोकांनी नकार दिला. मला मात्र वाटतं, अशा मतदानात शहरातल्या माणसाचं आणि धावपट्टीशेजारी राहणाऱ्याचं मत एकाच तराजूत तोलणं अन्यायाचं आहे. खिडक्या त्याच्या हादरतात.