उडुपीच्या पहिल्या वारीसाठी

रत्नागिरीहून प्रथमच कर्नाटकातील उडुपीच्या श्रीकृष्ण मठाच्या दर्शनाला निघत आहात, हे वाचून मनापासून आनंद झाला. सुरुवातीला थोड्याच गोष्टी सांभाळा.

सर्वांत मोठी चूक तारखेची होते. तेथील कृष्णजन्माष्टमी सौर पंचांगानुसार ठरते आणि काही वर्षी आपल्या गोकुळाष्टमीनंतर जवळजवळ महिन्याने येते. म्हणून घरातील दिनदर्शिका पाहून आरक्षण करू नका, आधी मठाकडून तिथी विचारून घ्या. पहिल्या खेपेस तर उत्सव टाळून साधा दिवस निवडावा, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, तेही पाहा.

दर्शन नऊ छिद्रांच्या चांदीच्या खिडकीतून होते. मूर्ती लहान आहे आणि क्षणभरच दिसते, त्यामुळे गाभारा समोर उघडा मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाणारे हिरमुसतात. आधी जवळच्या चंद्रमौळीश्वर व अनंतेश्वर या मंदिरांत दर्शन, मग कृष्ण, हा तेथील क्रम पाळा. पुरुषांना सदरा उतरवावा लागतो. सोबत उपरणे असू द्या.

दुपारचा अन्नप्रसाद चुकवू नका. अष्टमठ म्हणजे तेथील आठ मठ, त्यांच्यात आळीपाळीने फिरणारी कृष्णपूजेची पाळी म्हणजे ‘पर्याय’, पूजांचे प्रकार हे सारे दुसऱ्या वारीसाठी राहू द्या.