"मॅडम, माझा टॉपिक कुणीतरी आधीच करून टाकला"

कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करणारी पोरं माझ्याकडे समुपदेशनाला आली की हे वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, म्हणून एका मुलाबद्दल लिहिते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

सोलापुरातल्या अशोक चौकाकडचा मुलगा, घरात तेलुगू, वडील पॉवरलूमवर. विषय घरातूनच उचललेला, कापडातले दोष कॅमेऱ्याने ओळखायचे, डीप लर्निंग वापरून, म्हणजे ढीगभर फोटो दाखवून कॉम्प्युटरलाच शिकवायचं. रजिस्ट्रेशनला दोन वर्षं झाली आणि एका रात्री ऑनलाइन अगदी तसाच दुसऱ्या कुणाचा रिसर्च पेपर दिसला. तेव्हापासून झोप नाही, लॅपटॉप उघडायचा आणि बंद करायचा, घरी वडील विचारतात अजून किती दिवस शिकणार, त्यांना काय सांगणार. "सोडतो मॅडम, पुण्याला आयटीत जॉब बघतो."

आधी मी सरळ विचारलं, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का? नाही म्हणाला. (ज्यांना येतो त्यांनी एकटं राहू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो.) मग विचारलं, गाईड काय म्हणाले?

गप्प.

सांगितलंच नव्हतं! चार महिने. सर कॉरिडॉरमध्ये दिसले की हा मागच्या जिन्याने खाली. आणि मला हेच जास्त काळजीचं वाटतं, कारण पेपर एकदा येऊन जातो पण लपण्याचं ओझं रोज वाढतं, त्यात दर सेमिस्टरला रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीपुढे प्रगती सांगायची असते, ती तारीख जवळ आली की याच्या पोटात गोळा.

मी कॉम्प्युटरवाली नाही, विषयात दम उरलाय का ते मी सांगूच शकत नाही, ते सरांचं काम. मी इतकंच विचारलं, पूर्ण वाचलास? तर नुसता ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा सारांश, आणि किती टक्के बरोबर ओळखलं तो ॲक्युरसीचा टेबल वाचून हा घाबरलेला. म्हटलं सगळा वाच, त्यांनी कुठल्या कापडावर काय केलंय ते एका पानावर मराठीत लिहून आण.

पुढच्या आठवड्यात पान घेऊन आला. त्यांचं सगळं काम साध्या एकरंगी कापडावर. याच्याकडे जेकार्डच्या, विणीतच नक्षी असलेल्या चादरी, म्हणजे मशीनला डिझाइनच दोष वाटायची शक्यता. बोलता बोलता आवाज जरा मोकळा झाला. तिथेच बसून सरांना मेसेज टाइप केला, तीनदा खोडला, चौथ्यांदा पाठवला. सरांचं उत्तर आलं, "उद्या अकराला ये, पेपरची प्रिंट आण."

यूजीसीच्या २०२२ च्या नियमात कोर्सवर्क धरून सहा वर्षं मिळतात, हेही त्याला नव्याने सांगावं लागलं, घाबरलेल्या माणसाला साधा हिशोबसुद्धा दिसत नाही.

परवा आला तेव्हा सोडायचा विषयच निघाला नाही, मागावर फोटो काढताना लेन्सवर कापसाची धूळ बसते, तिचं काय करायचं यावरच अर्धा तास बोलला.