मी गृहिणी लिहिलं होतं

प्रिय,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण निवांत लिहायचं म्हणून थांबलो. सोशॉलॉजीवाल्यांना इंटर्नशिप कुठं मिळते अन पुण्यात कुणी ओळखीचं आहे का, असं विचारलंयस. ओळख आहे, नंबर पण देतो, आधी माझं ऐक.

थर्ड इयरला असताना मी एका संस्थेत लागलो, बीड जिल्ह्यात घरोघर फॉर्म भरायचे, दिवसाला वीस. तांड्यावर एका बाईला विचारलं, मावशी, व्यवसाय काय? ती म्हणली, "काही नाही बापू, घरीच आसते." मी लिहिलं गृहिणी, पुढचा कॉलम. निघताना बघतो तर कुडात दोन कोयते खोचलेले, एक तिचा. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते जोडीवर, एकटा गडी असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. म्हणजे मुकादमाच्या वहीत ती होती अन माझ्या फॉर्मात नव्हती! अशा किती गृहिणी मी लिहून आलो देव जाणे.

म्हणून कुठंही जॉइन व्हायच्या आधी दोनच गोष्टी विचार, दिवसाला किती फॉर्म आणि त्याच घरी परत जाता येतं का. वीस म्हणले की समज, आपण डेटा एंट्रीला चाललोय. स्टायपेंड नसला तर निदान एसटीचं भाडं तरी माग, लाजू नको, फुकट राबवणारे लय आहेत. सर्टिफिकेटचं टेन्शन घेऊ नको, ते मिळतंच.

आणि पुणंच कशाला? तुळजापूरला टिसचा, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा कॅम्पस आहे, तिथल्या पोरांचं फील्डवर्क कसं चालतं ते जाऊन बघ. नाहीतर किल्लारीकडं जा. १९९३ च्या भूकंपानंतर गावंच्या गावं नव्या जागी वसवली, ज्याची जमीन जास्त त्याला घर मोठं असा हिशोब होता, मग जुन्या गावातली भावकी, गल्ल्या, शेजार यांचं काय झालं ते म्हाताऱ्या माणसांना विचार, महिनाभर पुरंल.

रोजच्या नोट्स रोज रात्री लिही अन दुसरी कॉपी ठेव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांच्या कर्नाटकातल्या रामपुरा गावावरच्या नोट्स १९७० ला स्टॅनफर्डमध्ये आगीत गेल्या होत्या, तुझ्याकडं तर ड्राइव्ह आहे. अन कुणाच्या आधार कार्डाचे फोटो काढत बसू नको, संस्थेनं सांगितलं तरी.

तांड्यावर जायचं असंल तर मे महिना धर, तोवर लोकं कारखान्यावरनं परत आलेली असतात. मी पण येतो, त्या मावशीचं घर मला अजून माहितीये. मे नाही जमला तर दिवाळीच्या आधी सांग, नंतर दाराला कुलूप असतं.

तुझा,
सर