१०० वॅटच्या बल्बचा रोध मीटरवर ४० ओहमच का दिसतो?

तुमचा हिशोब वाचला. जुन्या पिवळ्या बल्बवर १०० वॅट, २३० व्होल्ट लिहिलंय. मल्टीमीटर लावला तर ४० ओहम आला. २३० ला ४० ने भागलं की पावणेसहा अँपिअर, आणि पॉवर सव्वातेराशे वॅटच्या घरात. मग व्होल्टेज-करंटवरून रोध नि पॉवर काढायची खरी रीत कोणती, असा तुमचा प्रश्न.

तुमचा भागाकार बरोबर आहे आणि मीटरही बिघडलेला नाही. गफलत एवढीच झाली की व्होल्ट घेतलेत पेटलेल्या बल्बचे आणि ओहम घेतलेत विझलेल्या बल्बचे.

रीत दोन ओळींची आहे. व्होल्टला अँपिअरने भागा, ओहम मिळतात. व्होल्टला अँपिअरने गुणा, वॅट मिळतात. फक्त दोन्ही आकडे एकाच वस्तूचे आणि एकाच वेळचे हवेत. तुमच्या बल्बचं बघा: १०० भागिले २३० म्हणजे सुमारे ०.४३५ अँपिअर. २३० ला त्याने भागलं की ५२९ ओहम. करंट माहीत नसेल तर व्होल्टचा वर्ग करून वॅटने भागा: ५२,९०० भागिले १००, पुन्हा ५२९.

म्हणजे पेटल्यावर रोध तेरापट झाला. बल्बमधली तार टंगस्टनची असते, ती २५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. गंमत म्हणजे तुमचे ते पावणेसहा अँपिअर अगदीच खोटे नाहीत. बटण दाबल्या क्षणी तार गार असते, तेव्हा जवळपास तेवढा करंट आत घुसतो. सेकंदाच्या काही शंभरांश भागात तार तापते आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या खाली येतो. जुने बल्ब बहुधा बटण दाबल्यावरच ‘फट्’ करून का जायचे, ते आता लक्षात येईल.

शाळेत ओहमचा नियम पाठ करताना ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ (म्हणजे तापमान वगैरे बदलत नसताना) हे शब्द आपण सगळ्यांनीच गिळून टाकलेले असतात. खुद्द ओहमने १८२६ च्या प्रयोगांत व्होल्टेज स्थिर ठेवायला बराच खटाटोप केला होता. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज सारखं हलायचं, म्हणून त्याने दोन धातूंच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं वितळत्या बर्फात ठेवून स्थिर व्होल्टेज मिळवलं.

गीझरच्या कॉइलला मात्र तुमची पद्धत चालते. मी बरीच वर्षं गीझर-इस्त्रीची दुरुस्ती केली, त्यात हे रोजचं काम. आतली तार नायक्रोम या मिश्रधातूची असते. तापल्यावर तिचा रोध थोडकाच बदलतो. २००० वॅटच्या कॉइलचा हिशोब २६.४५ ओहम येतो आणि गार कॉइलवर मीटरही त्याच्या आसपासच दाखवतो. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली, गिऱ्हाइकाला तेवढं सांगायचं. याच आकड्यावरून ‘संध्याकाळी पाणीच तापत नाही’ या तक्रारीचंही उत्तर मिळतं. लाइन १८० व्होल्टवर आली की १८० चा वर्ग भागिले २६.४५, म्हणजे १२२५ वॅट. व्होल्टेज २२ टक्क्यांनी उतरलं, पण पॉवर ३९ टक्क्यांनी गेली. वर्गाचा हा फटका फार जणांच्या ध्यानात येत नाही.

पंखा, मिक्सर, मोटरपंप यांना मात्र ही मोजणी लावू नका. मोटरच्या वाइंडिंगचा मीटरवर दिसणारा रोध म्हणजे नुसत्या तांब्याच्या तारेचा; फिरणारी मोटर त्याशिवाय स्वतःही करंट अडवत असते. वॅट काढताना व्होल्ट गुणिले अँपिअर करून वर पॉवर फॅक्टरनेही (त्या गुणाकारातला खरोखर कामी येणारा हिस्सा, एकपेक्षा कमी आकडा) गुणावं लागतं. शिवाय लोडवर चाललेल्या मोटरपंपाचं व्होल्टेज पडलं की कॉइलच्या उलट करंट वाढतो. मोटरी जळतात त्या अशाच. एलईडी बल्बचे ओहम मोजण्यात तर काही अर्थच नाही, आत सर्किट असतं.

करंट मोजायचा तर घरच्या लाइनवर साधा मल्टीमीटर घालू नका. अँपिअरवर ठेवलेला मीटर चुकून फेज-न्यूट्रलमध्ये टेकवला तर सरळ शॉर्ट होतो. क्लॅम्प मीटर घ्या, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर, आणि जबड्यात एकच वायर धरा. मी पहिल्यांदा दोन्ही वायरी एकदम धरल्या, शून्य दिसलं, आणि नवा मीटर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालून आलो. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात, हे त्यानेच सांगितलं. आणि ओहम मोजताना वस्तूचा प्लग काढलेलाच हवा, त्यात सूट नाही.

हात बसवायचा असेल तर बारा व्होल्टची बॅटरी आणि मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब घ्या. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, बल्बच्या सिरीजमध्ये. करंट ०.८ च्या आसपास यायला हवा, म्हणजे साधारण १४ ओहम. मग बल्ब सोडवा, गार होऊ द्या आणि ओहमवर मोजा, एक-दीड दिसेल. त्यातलेही थोडे मीटरच्या वायरींचेच असतात, म्हणून आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जे दिसेल ते वजा करा.